न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी : कायद्याच्या वाटेने समाजसेवा



थोर माणसांची चरित्रे आपण दोन कारणांसाठी वाचतो. त्यांनी काय मिळविले हे कळावे, हे पहिले कारण. अडचणीच्या वेळी ते कसे वागले हे कळावे, हे दुसरे. पहिल्याने अभिमान वाटतो, पण रोजच्या आयुष्यात उपयोगी पडते ते दुसरेच. मरहूम न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र मी तुमच्यापुढे ठेवीत आहे ते मुख्यतः या दुसऱ्या कारणासाठी.

मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर, काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष, त्याच उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, अशी त्यांची ओळख सामान्यज्ञानाच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. परंतु अनेक धर्मांचे लोक ज्या देशात एकत्र राहतात तेथे कायदा कोणासाठी असतो? संख्येने थोड्या असलेल्या समाजाने राज्यकारभारात कसे उभे राहावे? एकट्या माणसाचा हक्क कोणी सांभाळावा? हे प्रश्न आज आपल्याला पडतात, तसेच ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनाही पडले होते. त्यांनी ते कसे सोडविले, ते पाहू या.

बालपण आणि तालीम

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मुल्ला तय्यब अली हे सुलेमानी बोहरा समाजाचे व्यापारी. घराणे मूळचे गुजरातेतील खंबायतचे. व्यापारात जम बसल्यावर पुष्कळ बाप मुलांना दुकानाच्या गादीवर बसवितात. तय्यब अलींनी आपल्या मुलांना शिकण्यासाठी विलायतेला पाठविले. समुद्रापलीकडचा प्रवास लांबचा, खर्च मोठा, आणि इंग्रजी शिकलेला मुलगा दीनाला मुकेल ही भीती समाजात घरोघर. अशा काळात हा निर्णय घ्यायला छाती लागत होती. पालकांनो, या चरित्रातला पहिला धडा मुलाचा नसून बापाचा आहे.

बदरुद्दीन आधी मदरशात उर्दू व फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन संस्थेत गेले. १८६० साली ते इंग्लंडला शिकण्यास गेले. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन तेथे आधीच कायद्याचे शिक्षण घेऊन सॉलिसिटर झाले होते आणि हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होते. बदरुद्दीन यांनी १८६३ साली मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव घातले. पण मध्येच डोळ्यांनी दगा दिला. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले, राहिलेले पुरे केले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. परीक्षेत एकदा अडखळले की शाळा सोडावी असे वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

काळ्या झग्यातील पहिला हिंदी माणूस

१८६७ च्या डिसेंबरात ते मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. तोवर तेथील बॅरिस्टर म्हणजे गोरा साहेब असेच समीकरण होते. हिंदी माणसाला खटला द्यावा, त्याने इंग्रज न्यायाधीशापुढे इंग्रजीत इंग्रज बॅरिस्टरला उत्तर द्यावे, ही कल्पनाच नवी होती. सुरुवातीला बंधू कमरुद्दीन यांच्या कचेरीचा आधार झाला. पुढे त्यांच्या उलटतपासणीने व शांत, मुद्देसूद मांडणीने नाव केले आणि काही वर्षांत त्यांची गणना मुंबईच्या नामांकित वकिलांत होऊ लागली.

कोणी म्हणेल, पैसा मिळाला, मान मिळाला, आणखी काय हवे? पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १८७२ च्या कायद्याने मुंबई नगरपालिकेच्या ६४ जागांपैकी निम्म्या जागा करदात्यांनी निवडून द्यावयाच्या झाल्या. १८७३ साली बदरुद्दीन निवडून गेले आणि दहा वर्षे तेथे राहिले. गटारे, पाणी, घरपट्टी अशा विषयांत त्यांनी लोकशाहीचे पहिले धडे गिरवले. १८८२ साली मुंबई कायदे मंडळावर त्यांची नेमणूक झाली. फिरोजशहा मेहता पारशी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हिंदू आणि बदरुद्दीन मुसलमान, असे हे तीन वकील त्या काळच्या मुंबईचे सार्वजनिक जीवन चालवीत होते. जानेवारी १८८५ मध्ये तिघांनी मिळून बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. तिघांनीही आपापला धर्म सोडला नव्हता, आणि कोणी कोणाला सोडावयास सांगितलेही नव्हते.

इल्बर्ट विधेयकाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या वेळी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांबाहेर गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशापुढे चालू शकत नसे. न्यायाधीश कितीही विद्वान असो, त्याचा रंग आड येई. व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत १८८३ साली हा भेद दूर करणारे विधेयक आले आणि देशभरच्या गोऱ्या लोकांनी एकच गिल्ला केला. मुंबईत २८ एप्रिल १८८३ रोजी विधेयकाच्या बाजूने टाऊन हॉलमध्ये सभा भरली, तीत मेहता व तेलंग यांच्यासह बदरुद्दीन बोलले. समोरचे लोक संतापले असताना त्यांनी शिवीगाळीला शिवीगाळीने उत्तर दिले नाही. कायद्यापुढे माणसामाणसांत फरक नको, एवढेच त्यांनी पुराव्यानिशी मांडले. १८८४ साली विधेयक पातळ होऊन संमत झाले. गोऱ्या आरोपीला निम्मे गोरे असलेली ज्यूरी मागण्याची सवलत मिळाली. लढा पुरता जिंकला गेला नाही, पण कायद्यापुढे समानता ही मागणी भर सभेत मांडली गेली.

मद्रास आणि लखनौ

आता चरित्रातल्या सर्वांत अवघड भागाकडे येऊ. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ७२ प्रतिनिधींत मुसलमान अवघे दोन होते. बदरुद्दीन व कमरुद्दीन त्या वेळी मुंबईत नव्हते, तर मुसलमानांनी काँग्रेसवर बहिष्कार घातला अशी आवई उठली. ती खोटी असल्याचे बदरुद्दीन यांनी जाहीर केले. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रास, आजचे चेन्नई, येथे तिसरे अधिवेशन भरले आणि ६०७ प्रतिनिधींपुढे अध्यक्ष म्हणून तेच उभे राहिले. मुसलमानांनी देशाच्या समाईक कामांत इतरांबरोबर का उतरू नये, हे आपल्याला कळत नाही, असे त्यांनी तेथे सांगितले.

योगायोग पाहा. मद्रासचे अधिवेशन चालू असतानाच २८ डिसेंबरला लखनौमध्ये सर सय्यद अहमद खान यांचे भाषण झाले आणि त्यांनी मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्यास सांगितले. सर सय्यद म्हणजे अलीगढच्या महाविद्यालयाचे जनक. आपल्या समाजाच्या शिक्षणावर त्यांचे उपकार एवढे की त्यांचे नाव आदरानेच घ्यावे. त्यांची भीतीही पोकळ नव्हती. निवडणुकीने प्रतिनिधी निवडले तर जास्त संख्येचा समाज नेहमी जिंकेल, परीक्षेने नोकऱ्या दिल्या तर शिक्षणात पुढे गेलेला समाज सगळ्या जागा घेईल, मग मागे राहिलेल्यांचे काय, असा त्यांचा सवाल होता. लोकशाहीपुढचा हा खराखुरा सवाल आहे.

१८८८ च्या आरंभी दोघांत पत्रव्यवहार झाला. बदरुद्दीन यांनी सर सय्यद यांची भीती थट्टेवारी नेली नाही, पण त्यांचा निष्कर्षही मान्य केला नाही. त्यांनी विषयांची दोन भागांत विभागणी केली. कर, न्यायालये, कायदे मंडळे, सरकारी नोकऱ्या यांत साऱ्या हिंदी लोकांचे हित समाईक आहे. तेथे वेगळे राहून मुसलमानांचे नुकसानच होईल. मात्र एखादा विषय एका समाजाच्या हिताविरुद्ध असेल, तर बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत जाऊन तो थांबवावा. त्यांच्या या विचाराला १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात नियमाचे रूप मिळाले. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखाने, किंवा जवळजवळ एकमुखाने, ज्या विषयाला विरोध असेल तो विषय काँग्रेसमध्ये चर्चेला घ्यावयाचा नाही, असा ठराव झाला. नियम दोन्ही समाजांना सारखाच लागू होता, हे विसरू नका.

त्यांच्या मनात शंका आलीच नाही असे मात्र समजू नका. त्याच वर्षी त्यांनी काँग्रेसचे सरचिटणीस ह्यूम यांना लिहिले की मुसलमानांचा मोठा भाग विरोधात असेल तर काँग्रेस निदान पाच वर्षे स्थगित ठेवावी. ही सूचना मान्य झाली नाही. काही लोक हे पत्र त्यांच्या कमकुवतपणाचा पुरावा म्हणून दाखवितात. मला ते तसे वाटत नाही. निम्मे घर रुसून बसले असताना उरलेल्यांनी जेवणावळ उठवू नये, असे वाटणाऱ्या वडीलधाऱ्याची ती चिंता होती.

एका जामिनाची हकीकत

जून १८९५ मध्ये बदरुद्दीन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दोनच वर्षांत त्यांच्यापुढे एक अर्ज आला. तो वाचताना त्या वेळची हवा ध्यानात घ्या. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा होऊन गेला होता आणि मने कडवट झाली होती. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सरकार खवळले. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना केसरीतील लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे अर्ज झाला, तोही फेटाळला गेला. खटला सेशन्सकडे गेल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे.

आता विचार करा. टिळक जहाल, तय्यबजी नेमस्त. टिळक ज्या सार्वजनिक उत्सवांचे पुढारी, त्यांकडे मुसलमान समाज साशंकतेने पाहत होता. सरकारचा रोष उघड होता. आधीच्या न्यायाधीशांनी नकार दिलेलाच होता. तोच नकार पुढे चालविला असता तर तय्यबजींना कोणी बोल लावला नसता.

४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी जामीन दिला. त्यांची विचारसरणी साधी होती. आरोपीने खटल्याच्या दिवशी हजर राहावे, एवढ्यासाठीच जामीन असतो. हा गृहस्थ प्रतिष्ठित आहे, पळून जाईल असे मानण्यास आधार नाही. त्याला आपला बचाव तयार करावयाचा आहे, आणि कोठडीत बसून तो नीट होणार नाही. शिवाय उद्या तो निर्दोष ठरला, तर दोष सिद्ध होण्याआधीच भोगलेला तुरुंगवास त्याला कोण परत देणार? टिळक खरेच निर्दोष आहेत की नाहीत, याबद्दल तय्यबजींनी काही ठरविले नाही; ते काम ज्यूरीचे होते. पुढे सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला, सहा विरुद्ध तीन मतांनी ज्यूरीने दोषी ठरविले आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पण शिक्षा होईपर्यंत ते मोकळे होते, आपल्या वकिलांना भेटत होते. कायद्याने त्यांना जे देणे होते ते मिळाले.

या हकीकतीला एक पुरवणी आहे. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद करणारे वकील होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला तेव्हा हेच दावर न्यायाधीशाच्या आसनावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. कायद्याचे पुस्तक तेच असते. ते उघडणारा माणूस कोण, यानेही फरक पडतो.

वाचकहो, अलाहाबादचा नियम आणि हा जामीन शेजारी ठेवून पाहा. नियमाने समाजाचे रक्षण समाजाच्या हाती दिले. जामिनाने एका माणसाचे रक्षण कायद्याच्या हाती दिले, आणि तो माणूस न्यायाधीशाच्या समाजाचा नव्हता, मताचाही नव्हता. पहिला उपाय सभेत चालला, पण सारा राज्यकारभार त्यावर चालणार नाही. प्रत्येक समाज प्रत्येक गोष्ट अडवू लागला तर गाडा जागचा हलणार नाही. दुसरा उपाय मात्र आपल्या संविधानाने उचलला आहे. आपला हक्क सुरक्षित राहावा असे वाटत असेल, तर दुसऱ्याच्या हक्काच्या वेळीही कायदा तसाच सरळ चालला पाहिजे, हे तय्यबजींच्या निकालाचे सार आहे.

अंजुमन आणि घरच्या मुली

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, म्हणजे जुन्या बोरीबंदरसमोर, अंजुमन-ए-इस्लामची दगडी इमारत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ही संस्था १८७४ च्या सुमारास सुरू झाली. बदरुद्दीन तिचे पहिले चिटणीस आणि १८९० पासून अखेरपर्यंत अध्यक्ष होते. १८८० साली शाळा निघाली आणि १८९३ साली ही इमारत उभी राहिली. सर सय्यद यांच्याशी राजकारणात मतभेद असले तरी शिक्षणाबाबत दोघांचे एकमत होते: मागे पडलेल्या समाजाची भीती भाषणाने जात नाही, शाळेने जाते.

मुलींच्या शिक्षणाविषयी ते केवळ सभेत बोलले नाहीत. त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, घरातला पडदा हळूहळू दूर केला, आणि १९०४ साली दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. तय्यबजी कुटुंबात वह्या ठेवलेल्या असत आणि घरातील स्त्री-पुरुष, लहानथोर सारे त्यांत उर्दूतून आपापल्या हकीकती लिहीत. बाईच्या हाती लेखणी देणारे हे घर होते. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते, तेथेही त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. समाजाचे हक्क मागणाऱ्याने समाजातल्या स्त्रीचा हक्कही मानला पाहिजे, हे त्यांनी घरापासून दाखविले.

१९०२ साली ते काही काळ मुंबई उच्च न्यायालयाचे हंगामी मुख्य न्यायाधीश झाले. हे पद भूषविणारे ते पहिले हिंदी न्यायमूर्ती. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पार्थिव मुंबईला आणून दफन करण्यात आले.

त्यांच्यानंतर

त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले. ती वाट वेगळी होती आणि तिने दोन समाजांतील अंतर वाढविले. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेने वेगळे मतदारसंघ रद्द केले. संविधान सभेतील एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनीही त्यांना ठाम विरोध केला होता. मग सर सय्यद यांच्या सवालाचे उत्तर काय? संविधानाचे उत्तर असे की काही हक्क बहुमताच्या मतदानाबाहेर ठेवावयाचे. कलम १४ प्रमाणे कायद्यापुढे सर्व समान. कलम २१ प्रमाणे कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता येत नाही. कलम २२ प्रमाणे अटक झालेल्याला कारण सांगावे लागते, पसंतीचा वकील देऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागते. कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क देते. आपल्यासारख्या संस्था त्याच आधारावर उभ्या आहेत. आणि हे हक्क मोडले गेले तर कलम ३२ प्रमाणे एकटा नागरिकही थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. दार आहे; ते ठोठावणारा हात मात्र शिकलेला हवा.

म्हणून पालकांनो, एक विनंती आहे. हुशार मुलगा म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर, एवढाच हिशेब करू नका. बारावीनंतर पाच वर्षांत किंवा पदवीनंतर तीन वर्षांत कायद्याची पदवी घेता येते, आणि ती मुलींनाही तितकीच शोभते. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना तर उत्पन्नाची अटही नाही. ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे, याची चौकशी करून पाहा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्राचे पुस्तक गुणांसाठी वाचून बाजूला ठेवू नका. त्यातील मूलभूत हक्कांचा पाठ घरी आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना हा हक्क आपल्याला आहे एवढेच म्हणू नका. शेजाऱ्यालाही आहे, आपल्याला न पटणाऱ्या माणसालाही आहे, असे म्हणा. बदरुद्दीन तय्यबजी यांनी ४ ऑगस्ट १८९७ रोजी हेच केले होते. अल्लाह त्यांना मगफिरत करो आणि आपल्याला त्यांच्या वाटेने चालण्याची तौफिक देवो.